आइस्ड टी मेकर बिघडला? फेकण्याआधी एवढं बघा

अमेरिकेत नव्याने आलेल्या मराठी घरात आइस्ड टी मेकर, म्हणजे बर्फाच्या जगात (पिचरमध्ये) गरम चहा पाडून तो गार करणारं मशीन, सहसा कुणी मुद्दाम विकत घेत नाही, तो येऊन पडतो. कुणी घर बदलताना देऊन जातं, गराज सेलमध्ये किरकोळीत मिळतो, नाहीतर गुडविल नावाच्या सेकंडहँड वस्तूंच्या दुकानात फडताळावर झाकणाशिवाय बसलेला दिसतो. पहिला उन्हाळा मजेत जातो. दुसऱ्या उन्हाळ्यात तो गुरगुरायला लागतो, भसाभस वाफ सोडतो, पिचर अर्धाच भरतो आणि एक दिवस गप्प होतो. घरात निकाल लागतो, ‘मोटर गेली!’

या मशीनमध्ये मोटर नसतेच. साध्या मॉडेलमध्ये पंपही नसतो. ज्याला आपण बिघाड म्हणतो तो बहुतेक वेळा पाण्यातला क्षार असतो, आणि उरलेल्या वेळा एखाद-दोन डॉलरचा फ्यूज किंवा नळीतला अडकलेला व्हॉल्व्ह. म्हणून तपासणीचा क्रम आधी पाण्याचा आणि मग विजेचा. स्क्रू ड्रायव्हर सगळ्यात शेवटी. मी लिहितोय ते एक टाकी, एक बास्केट, एक पिचर आणि एक बटण असलेल्या घरगुती मशीनबद्दल. कॅप्सूलवाली, पंपवाली मशीनं वेगळी.

आत नेमकं काय चालतं

टाकीत ओतलेलं पाणी स्वतःच्या वजनाने एका सिलिकॉनच्या नळीतून तळाकडे उतरतं. तळात घोड्याच्या नालासारखी वळलेली ॲल्युमिनियमची नळी असते आणि तिला अंगाला अंग लावून हीटर बसवलेला असतो. टाकीकडून येणाऱ्या वाटेवर एक एकतर्फी व्हॉल्व्ह असतो, म्हणजे एखादी छोटी गोळी किंवा रबरी पाकळी. पाणी पुढे जाऊ द्यायचं, मागे येऊ द्यायचं नाही, एवढंच तिचं काम.

नळीतलं पाणी उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात. मागची वाट व्हॉल्व्हने अडवलेली, त्यामुळे ते बुडबुडे पाण्याचे घोट पुढे ढकलत वर नेतात. तिथून पाणी बास्केटमधल्या चहावर पडतं आणि चहा होऊन खालच्या बर्फात. चालू मशीनचा ‘गुळूक-गुळूक, थांबा, गुळूक’ असा आवाज येतो तो याच घोटांचा. हा आवाज नीट ऐकून ठेवा, पुढे निदानाला उपयोगी पडतो.

टाकी रिकामी झाली की नळीला गार ठेवणारं पाणी उरत नाही, तिचं तापमान झटकन चढतं आणि तिच्यावर दाबून बसवलेला थर्मोस्टॅट वीज तोडतो. ‘आपोआप बंद होतं’ ते असं. थर्मोस्टॅटने दगा दिलाच तर त्याच्या मागे थर्मल फ्यूज असतो, बरेचदा एकाला दोन. तो एकदाच उडतो आणि परत जुळत नाही. हीच रचना ड्रिप कॉफी मेकरची. फरक इतकाच, की इथे पिचरखाली गरम प्लेट नसते.

बर्फाचं गणितही एकदा समजून घ्या, कारण निम्म्या तक्रारी तिथून येतात. 1 किलो बर्फ वितळताना साधारण 80 किलोकॅलरी उष्णता ओढून घेतो. 1 लिटर पाणी 85 अंशांवरून 5 अंशांवर आणायला नेमकी तेवढीच उष्णता काढावी लागते. म्हणजे जेवढा गरम चहा, तेवढाच बर्फ वितळून त्यात मिसळणार. चहा दुप्पट कडक निघायला हवा, आणि पिचरवरची बर्फाची रेघ पाळायलाच हवी. बर्फ कमी घातला तर कोमट चहा मिळतो, आणि वर उकळतं पाणी थेट पिचरवर पडतं. त्या जागी दुसरा काचेचा जग ठेवायचा मोह तर अजिबात नको. बर्फाने गार झालेल्या काचेवर उकळता चहा पडला की ती तडकते.

आधी मशीनची बाजू ऐका

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा प्रकार इथे फार होतो. चहा गढूळ झाला म्हणून मशीन धुणारे मी पाहिलेत. चहा गार होताना त्यातली टॅनिन आणि कॅफीन एकमेकांना धरून बारीक कणांच्या रूपात बाहेर येतात, त्यामुळे तो दुधाळ दिसतो. पाणी जड असेल तर जास्तच. चव बिघडत नाही. पिचरमध्ये थोडं उकळतं पाणी ओतून ढवळलं की तो पुष्कळसा निवळतो. मशीनचा यात काही संबंध नाही.

बास्केट भरून वाहणं ही तर खास आपल्या घरांतली तक्रार. कारण आपण त्यात सीटीसी पावडर, म्हणजे आपली रोजची बारीक दाणेदार चहा पावडर, टाकतो. पातेल्यात उकळून गाळण्यासाठी ती उत्तम, पण बास्केटच्या जाळीवर ती फुगून लगद्याचा थर करते. वरून पाणी येतंय, खाली उतरत नाही, मग ते काठावरून ओट्यावर. इथे मोठ्या पानाचा चहा किंवा टी बॅगच वापरा. सीटीसीच हवी असेल तर बास्केटमध्ये कागदी कॉफी फिल्टर घाला आणि पावडर निम्मी करा. टी बॅगच्या दोऱ्या आणि कागदी टॅग आधी कापून टाका. ते पाण्याबरोबर तळाच्या भोकाशी जातात आणि बुचासारखे बसतात.

आणि टाकीत फक्त पाणी! साखर नाही, लिंबाचा रस नाही, आलं नाही, दूध तर मुळीच नाही. एका घरी टाकीत साखरपाणी घातलेलं पाहिलं होतं. ती नळीत करपून जे काही होतं ते कुठल्याही व्हिनेगरने निघत नाही. आलं ठेचून, गवती चहा कातरून बास्केटमध्ये टाका, छान लागतं. साखर हवी तर तिचा पाक करून ठेवा आणि तयार चहात घाला, गार चहात कोरडी साखर नीट विरघळत नाही.

क्षार काढणं

मशीनच्या तब्येतीची निम्मी गोष्ट तुम्ही कुठल्या गावात राहता यावर ठरते. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या वर्गवारीत लिटरमागे 60 मिलिग्रॅमपर्यंत कठीणपणा असलेलं पाणी मऊ, 121 ते 180 जड, आणि 180 च्या पुढे अतिजड. सिॲटल, सॅन फ्रान्सिस्को, न्यू यॉर्क शहर यांचं पाणी डोंगरातलं, मऊ. सॅन अँटोनिओचं पाणी चुनखडीच्या थरातून येतं. फीनिक्स आणि लास व्हेगसचंही जड. तुमच्या गावचा आकडा पाणीपुरवठा खात्याच्या वार्षिक अहवालात असतो. बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या गीझरची कॉइल बाहेर काढलेली ज्यांनी पाहिली आहे त्यांना ॲल्युमिनियमच्या त्या नळीत काय होत असेल ते वेगळं सांगायला नको.

नळी आतून अरुंद झाली की पाणी कमी, वाफ जास्त. क्षाराचा थर उष्णता अडवतो, नळी प्रमाणाबाहेर तापते आणि टाकीत पाणी असतानाच थर्मोस्टॅटला वाटतं काम संपलं. अर्ध्या पिचरचं रहस्य बहुतेकदा हेच.

उपाय आम्लाचा. इथल्या दुकानात गॅलनच्या कॅनमध्ये मिळणारं पांढरं व्हिनेगर (5 टक्के आम्लता) आणि पाणी समसमान घ्या. व्हिनेगरचा वास सोसत नसेल तर सायट्रिक ॲसिड, म्हणजे आपलं लिंबूसत, लिटरभर पाण्याला एक मोठा चमचा. भारतीय दुकानात पुडीत मिळतं. मला लिंबूसत जास्त आवडतं, कारण घरभर वास राहत नाही आणि खळबळून टाकायला कमी पाणी लागतं.

बास्केट रिकामी करून जागेवर बसवा. पिचरमध्ये बर्फ नको, पण तळाला दोन-तीन कप गार पाणी ठेवा, म्हणजे उकळतं मिश्रण थेट प्लॅस्टिकवर पडणार नाही. टाकीत मिश्रण निम्म्यापर्यंत भरा. त्याहून जास्त नको, पिचरमध्ये आधीच पाणी आहे. मशीन चालू करा आणि साधारण तिसरा हिस्सा वर चढला की बंद करा. आता अर्धा तास हात लावायचा नाही. नळीत अडकलेलं गरम आम्ल या वेळात आपलं काम करत असतं. क्षार म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. आम्ल लागलं की त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो, म्हणून टाकीच्या तळाच्या भोकाजवळ बारीक बुडबुडे येताना दिसतील. ते दिसले की समजा निशाणा बरोबर लागलाय.

अर्ध्या तासाने उरलेलं मिश्रण चालवून संपवा. पिचरमध्ये पांढरे पापुद्रे, कधी तपकिरी कण पडलेले दिसतील. ते सिंकमध्ये ओता. पापुद्रे बरेच असतील तर मशीन गार होऊ द्या, ताजं मिश्रण भरा आणि पुन्हा एकदा करा. जुन्या मिश्रणात दम उरलेला नसतो. शेवटी साध्या पाण्याच्या दोन-तीन फेऱ्या.

रात्रभर व्हिनेगर भरून ठेवण्याचा सल्ला पुष्कळ जण देतात. मी देणार नाही. नळी ॲल्युमिनियमची आहे, आम्ल आधी क्षार खातं आणि मग तिला खायला लागतं. आणि ब्लीच तर या कामात जवळही आणू नका. ब्लीच आणि आम्ल एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, तो बंद स्वयंपाकघरात जीवघेणा ठरू शकतो.

अतिजड पाण्याच्या गावात आणि रोजच्या वापरात हे महिन्यातून एकदा करा. मऊ पाण्यात तीन महिन्यांनी केलं तरी चालतं. वेळापत्रक जमत नसेल तर कान वापरा. ‘गुळूक’च्या जागी ‘फुस्स’ जास्त यायला लागलं की दिवस भरले.

लक्षणं आणि संशयित

दिवाच लागत नाही, काहीच होत नाही. सगळ्यात आधी भिंतीवरचं सॉकेट बघा. इथल्या स्वयंपाकघरात सिंकजवळच्या सॉकेटवर दोन छोटी बटणं असतात, टेस्ट आणि रीसेट. वीज कुठेतरी गळतेय असं वाटलं, अगदी 5 मिलिअँपिअरच्या आसपास, तरी ते सॉकेट स्वतःला तोडून घेतं. आपल्याकडच्या ईएलसीबीचाच हा प्रकार, पण थेट सॉकेटमध्ये बसवलेला. भारतातून नुकते आलेल्यांना हे माहीत नसतं, आणि एका सॉकेटच्या रीसेटवर पलीकडची आणखी दोन-तीन सॉकेट अवलंबून असू शकतात, हे तर अजिबातच नाही. रीसेट दाबा, टोस्टर लावून बघा. टोस्टर चालला आणि चहावाला नाही, तर मशीनकडे वळा. मशीन लावताक्षणी सॉकेट पुन्हा तुटत असेल तर आत पाणी किंवा हीटरची गळती आहे, असं मशीन हट्टाने चालवून बघू नका.

दिवा लागतो पण पाणी गारच. वीज आत येतेय, हीटरपर्यंत पोचत नाही. थर्मोस्टॅट, थर्मल फ्यूज किंवा हीटर स्वतः. मशीन उघडावं लागेल.

तापतं, गुरगुरतं, पण पाणी वर चढत नाही. पहिला संशय क्षारावर. क्षार काढूनही तेच असेल तर टाकीत डोकावा. चालू असताना टाकीच्या तळातून बुडबुडे उलटे वर येत असतील तर एकतर्फी व्हॉल्व्ह उघडा अडकलाय, आणि उकळतं पाणी पुढे जायचं सोडून मागे येतंय. बुडबुडे अजिबात नाहीत आणि पाण्याची पातळी हलतच नाही, तर व्हॉल्व्ह बंद अडकलाय किंवा नळीत हवा धरलीय. बरेच महिने पडून राहिलेल्या मशीनला हवा धरते. प्लग काढा, टाकीत गरम पाणी घाला, सिंकवर धरून हलक्या हाताने चारदोन वेळा तिरकं करा. बरेचदा एवढ्याने वाट मोकळी होते.

खालून पाणी गळतं. इथे घासाघीस नाही, ताबडतोब प्लग काढा. नळीचा क्लॅम्प ढिला, नळी चिरलेली किंवा टाकीला तडा. टाकी भरून, प्लग न लावता, मशीन पेपर टॉवेलवर ठेवा. न तापताच टॉवेल भिजला तर गळती टाकीच्या किंवा पहिल्या नळीच्या बाजूची.

उघडायचं कसं

आधी दोन गोष्टी. वॉरंटी चालू असेल तर उघडू नका, कंपनीला कळवा. आणि कन्झ्युमर प्रॉडक्ट सेफ्टी कमिशन, म्हणजे अमेरिकेच्या ग्राहक-वस्तू सुरक्षा आयोगाच्या संकेतस्थळावर मॉडेल नंबर टाकून हे मशीन परत मागवलेलं तर नाही ना, ते पाहा. मागवलेलं असेल तर दुरुस्तीचा प्रश्नच मिटला.

प्लग काढा. बटण बंद करणं म्हणजे प्लग काढणं नव्हे. टाकी रिकामी करा, मशीन पूर्ण गार होऊ द्या, जाड टॉवेलवर उलटं ठेवा. तळाचे स्क्रू कधी रबरी पायांखाली लपलेले असतात. एखादा स्क्रू मुद्दाम विचित्र खाचेचा दिलेला असतो, चांदणीसारखी खाच आणि तिच्या मधोमध उभा दांडा. त्यासाठी मध्ये भोक असलेला बिट लागतो. हार्डवेअर दुकानात सुरक्षा बिटचा संच स्वस्तात मिळतो. चाकू घालून फिरवायला जाल तर खाचही जाईल आणि तळहातही. काही गावांतली सार्वजनिक वाचनालयं पुस्तकांसारखी हत्यारंही देतात, मल्टिमीटर म्हणजे वीज तपासायच्या मीटरसकट. विचारायला काही पैसे पडत नाहीत.

तळाची पाटी निघाली की आधी मोबाइलवर फोटो काढा. सगळ्या बाजूंनी, प्रत्येक वायर कुठून कुठे जाते ते दिसेल असा. मग हात घाला.

समोर ॲल्युमिनियमचा तो वळसा दिसेल. नीट बघितलं तर ती दोन नळ्यांची जोडी असते. एकीच्या टोकांना सिलिकॉनच्या नळ्या, म्हणजे पाण्याची वाट. दुसरीच्या टोकांना चपट्या धातूच्या पट्ट्या आणि वायर, म्हणजे हीटर. वळशावर दाबून बसवलेली नाण्याएवढी गोल डबी म्हणजे थर्मोस्टॅट. तिच्या आसपास पांढऱ्या, विणलेल्या काचतंतूच्या बाहीत लपलेली, वायरच्या जाडीची छोटी धातूची नळकांडी म्हणजे थर्मल फ्यूज. बाही बाजूला सरकवली की अंगावर छापलेले आकडे दिसतात, अंश सेल्सियस आणि अँपिअर.

मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवा. थर्मल फ्यूजच्या दोन्ही टोकांना टोकं लावा. बीप वाजली तर शाबूत, नाही तर गेला. थर्मोस्टॅट गार असताना जोडलेला असायला हवा, म्हणजे इथेही बीप. हीटरची एक वायर सोडवून रोध मोजा. मशीनच्या पाटीवर 120 व्होल्ट, 900 वॅट लिहिलं असेल तर व्होल्टचा वर्ग भागिले वॅट, म्हणजे 16 ओहमच्या आसपास यायला हवं. 1200 वॅटच्या मशीनला 12. मीटर अनंत दाखवत असेल तर हीटर तुटलाय. मग एक टोक हीटरच्या पट्टीला आणि दुसरं ॲल्युमिनियमच्या नळीला लावून बघा. इथे मात्र काहीच जोडलेलं दिसता कामा नये. दिसलं तर हीटर अंगाला वीज देतोय, मशीन कचऱ्यात.

फ्यूज बदलायचा तर त्याच तापमानाचा, त्याच अँपिअरचा. ‘जवळपासचा’ चालत नाही. डाग देऊन जोडू नका. सोल्डरिंगच्या तापाने नवा फ्यूज तिथल्या तिथे उडतो, आणि चुकून टिकलाच तरी ते डाग पुढे गरमीने सैल पडतात. दाबून बसवायचे धातूचे जोड वापरा, ते उष्णता सोसणारे हवेत. काचतंतूची बाही परत चढवा आणि फ्यूज मूळ क्लिपखाली, नळीला टेकेल असाच बसवा. हवेत लोंबकळणाऱ्या फ्यूजला नळी किती तापली ते कळणारच नाही.

फ्यूज काढून तिथे सरळ वायर जोडण्याचे व्हिडिओ सापडतील. मशीन चालेलही. ज्या दिवशी थर्मोस्टॅट चिकटेल त्या दिवशी हीटरला थांबवणारं आत कुणी नसेल, आणि वर प्लॅस्टिक आहे. हे करू नका. कुणी करून दिलेलं मशीन घरात घेऊ नका.

फ्यूज उडाला म्हणजे काहीतरी प्रमाणाबाहेर तापलं होतं. नुसता फ्यूज बदलून झाकण लावलं तर तो पुन्हा उडणार. क्षार काढा आणि थर्मोस्टॅटही संशयाने बघा. तो दहा-बारा डॉलरच्या आत मिळत असेल आणि त्याच मापाचा असेल तर दोन्ही एकदम बदलणं शहाणपणाचं.

आता व्हॉल्व्ह. टाकीकडून येणाऱ्या नळीचा क्लॅम्प पक्कडीने दाबून मागे सरकवा, नळी हळूच पिळत ओढा. व्हॉल्व्ह नळीच्या आत किंवा टाकीच्या तोंडाशी असतो. बाहेर काढून फुंकून बघा. एका बाजूने हवा जायला हवी, दुसऱ्या बाजूने नाही. दोन्हीकडून जात असेल किंवा कुठूनच जात नसेल तर कोमट व्हिनेगरमध्ये अर्धा तास भिजवा, मऊ ब्रशने घासा, परत फुंका. बसवताना दिशा चुकवू नका. इथेच तो मघाचा फोटो कामी येतो. नळी कडक किंवा चिरलेली असेल तर त्याच मापाची, अन्नासाठी चालणारी सिलिकॉनची घ्या. मत्स्यपेटीची स्वस्त नळी गरम पाण्यात मऊ पडते आणि चहाला वास देते.

सगळं परत बसवलं की झाकण लावून, सगळे स्क्रू घट्ट करूनच प्लग लावा. उघड्या पोटाने चालवून बघण्याचा मोह आवरा. पहिली फेरी साध्या पाण्याची, रीसेटवाल्या सॉकेटवर, ट्रेमध्ये ठेवून, आणि संपेपर्यंत शेजारी उभं राहून. पाणी संपल्यावर मशीन स्वतः बंद झालं की थर्मोस्टॅट कामावर आहे.

आत जळकं, वितळलेलं प्लॅस्टिक दिसलं, ॲल्युमिनियमच्या नळीला भोक पडलेलं दिसलं, किंवा वायरचं आवरण मशीनजवळ तडकलेलं असेल, तर जीव गुंतवू नका. नवं साधं मशीन तीस-चाळीस डॉलरच्या घरात येतं. जुन्याचा पिचर आणि बास्केट मात्र ठेवून द्या. त्याच मॉडेलचं दुसरं मशीन सेकंडहँडमध्ये दिसलं तर त्याला नेमकं हेच नसतं.

रोजचं आणि मोसमाचं

चहा झाला की चोथा तेव्हाच काढा. ओली बास्केट रात्रभर तशीच राहिली की सकाळी बुळबुळीत लागते, आणि उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी बुरशी. टाकीत उरलेलं पाणी ओतून द्या, झाकण उघडं ठेवा. पिचरवरचे तपकिरी डाग खायच्या सोड्याची ओलसर पेस्ट लावून मऊ फडक्याने पुसा. तारेची घासणी लावली तर चरे पडतात आणि पुढचा डाग त्या चऱ्यांत पक्का बसतो.

चहा त्याच दिवशी संपवा. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने 1996 मध्ये आइस्ड टीबद्दल जे सांगितलं होतं ते खाद्यगृहांसाठी होतं, पण घरीही पाळण्याजोगं आहे. पाणी 195 अंश फॅरनहाइट, म्हणजे साधारण 90 अंश सेल्सियस, त्यात चहा तीन ते पाच मिनिटं, आणि तयार चहा आठ तासांपेक्षा जास्त ठेवायचा नाही. काचेच्या बरणीत पाणी आणि टी बॅग घालून उन्हात ठेवण्याची इथे जी पद्धत आहे, तिच्यात पाणी एवढं तापतच नाही. मशीनचा खरा फायदा हा आहे.

थंडीत मशीन बाजूला ठेवायचं असेल तर आधी क्षार काढा, साध्या पाण्याने धुवा, सिंकवर उलटं धरून नळीतलं पाणी निथळू द्या आणि दोन दिवस झाकण उघडं ठेवून वाळवा. शिकागो, मिनेसोटाकडच्या मंडळींनी ते गराजमध्ये ठेवू नये. नळीत राहिलेलं पाणी गोठून फुगलं की जोड सुटतात, आणि ते कळतं थेट जूनमध्ये, पाहुणे आलेले असताना.

आणि भारतात न्यायचं झालं तर

हा प्रश्न दर उन्हाळ्यात येतो, विशेषतः परत निघालेल्यांकडून. इथलं मशीन 120 व्होल्टचं, तिकडे 230. पिनेचा अडॅप्टर लावला की आकार जुळतो, व्होल्टेज नाही. तोच हीटर 230 वर लावला तर साडेतीन पटींहून जास्त वीज खाईल, म्हणजे 900 वॅटचं मशीन 3,300 वॅटच्या घरात. थर्मल फ्यूज क्षणात उडेल, आणि तोच त्यातल्या त्यात बरा शेवट. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावता येतो, पण 900 वॅटसाठी निदान 1500 व्हीएचा हवा, जड लोखंडी ठोकळा. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. मशीन इथेच कुणा नव्याने आलेल्याला द्या, सोबत लिंबूसताची पुडी द्या आणि पिचरवरची बर्फाची रेघ दाखवा.